मोठ्यांचे ऐकणारा मुलगा



घरात एखादे मूल गुणी निघाले की आपल्याला आधी आनंद होतो आणि मग घाई होते. कुणाचे गणित चांगले असते, कुणाचा गळा गोड असतो, कुणाचा चेंडू मोहल्ल्यातल्या मोठ्या पोरांनाही खेळता येत नाही. मग आपण त्याच्या गुणाच्या मागे लागतो. चांगले बूट आणतो, क्लास लावतो, सकाळी दूध-बदाम देतो. गुणाची काळजी घेता घेता त्या मुलाची काळजी घ्यायचे मात्र कधी कधी राहून जाते.

'मुलगा क्रिकेटवेडा आहे, त्याला त्या वाटेने जाऊ द्यावे का?' असा प्रश्न आम्हाला अनेक आई-वडील विचारतात. खेळ चांगला की वाईट, या वादात आम्ही शिरत नाही. आज एका मुलाची हकीकत तेवढी सांगतो. हा मुलगा पाकिस्तानातला आणि तो बिघडला इंग्लंडमध्ये. पण त्याच्या हकीकतीत जे प्रश्न आहेत ते आपल्या दिवाणखान्यातलेच आहेत.

मोहम्मद आमिर १३ एप्रिल १९९२ रोजी जन्मला. गाव चंगा बंग्याल, तहसील गुजर खान, जिल्हा रावळपिंडी. सात भावंडांतला हा सहावा. अकराव्या वर्षी एका स्थानिक स्पर्धेत त्याची गोलंदाजी पाहून रावळपिंडीच्या बाजवा अकादमीने त्याला बोलावून घेतले. ज्या वयात आपली मुले पाचवी-सहावीत असतात, शाळेचा डबा विसरून येतात, त्या वयात हा मुलगा खेळासाठी घरापासून दूर गेला.

डावखुरा, उंच, सडपातळ. चेंडू हवेत वळवायचा आणि तोही वेगाने. २००७ मध्ये वेगवान गोलंदाजांच्या एका शिबिरात वसीम अक्रमच्या नजरेत तो भरला. अक्रमसारख्या डावखुऱ्या उस्तादाने पंधरा वर्षांच्या पोराकडे बोट दाखवले, म्हणजे सगळ्या देशाचे डोळे तिकडे वळणारच. जून २००९ मध्ये टी-२० विश्वचषकासाठी तो इंग्लंडला गेला तेव्हा सतरा वर्षांचा होता. २१ जूनला लॉर्ड्सवर अंतिम सामना झाला. समोर श्रीलंका, आणि फलंदाज तिलकरत्ने दिलशान, जो त्या स्पर्धेत सगळ्यांना झोडपत होता. आमिरने पहिल्याच षटकात त्याला शून्यावर बाद केले. पाकिस्तानने चषक जिंकला. पुढच्याच महिन्यात गॉलला पहिली कसोटी, आणि त्या पहिल्या कसोटीत सहा बळी. डिसेंबरमध्ये मेलबर्नला ऑस्ट्रेलियाच्या एका डावात पाच बळी. जुलै २०१० मध्ये लीड्सला ऑस्ट्रेलियाचा संघ ८८ धावांत गुंडाळला गेला. त्या सामन्यात आमिरने सात बळी घेतले आणि तोच सामनावीर ठरला. वय अठरा.

इथपर्यंतची हकीकत ऐकून कोणत्या आईच्या तोंडून 'माशाअल्लाह' निघणार नाही? आता पुढचे ऐका.

ऑगस्ट २०१० मध्ये पाकिस्तानचा संघ इंग्लंडशी कसोटी मालिका खेळत होता. शेवटची कसोटी २६ ऑगस्टला लॉर्ड्सवर सुरू झाली. ज्या भगिनींना क्रिकेटचे नियम ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: गोलंदाजाने चेंडू टाकताना पुढच्या पायाने रेघ ओलांडली तर त्याला नो-बॉल म्हणतात. समोरच्या संघाला एक धाव मिळते आणि तो चेंडू पुन्हा टाकावा लागतो. झाले, एवढेच. कसोटी सामन्यात असे कितीतरी नो-बॉल पडतात आणि त्यांच्याकडे कुणी लक्षही देत नाही. पण लॉर्ड्सवर पहिल्या दिवशी डावाच्या तिसऱ्या षटकाच्या पहिल्या चेंडूवर आमिरचा पाय रेघेच्या इतका पुढे पडला की समालोचकही चकित झाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच झाले. मधल्या काळात मोहम्मद आसिफचाही एक नो-बॉल पडला होता.

हे तिन्ही चेंडू आधीच विकले गेले होते. 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' या वृत्तपत्राचा माणूस सट्टेबाजांचा प्रतिनिधी असल्याचे सोंग घेऊन मजहर मजीद नावाच्या एजंटाला भेटला होता. खेळाडू माझ्या मुठीत आहेत हे दाखवण्यासाठी मजीदने कोणत्या षटकाच्या कोणत्या चेंडूवर नो-बॉल पडेल, हे कॅमेऱ्यासमोर सांगून ठेवले. बदल्यात दीड लाख पौंड घेतले. २९ ऑगस्टच्या रविवारी बातमी छापून आली.

त्याच सामन्याच्या दुसऱ्या दिवशी आमिरने काय केले होते, तेही सांगायला हवे. इंग्लंडची अवस्था त्याने पाच बाद ४७ करून टाकली. पीटरसन, कॉलिंगवूड आणि मॉर्गन हे तिघेही शून्यावर त्याचे बळी. डावात सहा बळी आणि कसोटीतले पन्नास बळी पूर्ण. एवढ्या लहान वयात तोवर कुणीही पन्नास बळी घेतले नव्हते. अल्लाहने दिलेली देणगी आणि तिच्यात केलेली खयानत, दोन्ही एकाच हाताने, एकाच मैदानावर, एकाच दिवशी. समालोचन करणारा मायकेल होल्डिंग हा वेस्ट इंडीजचा जुना, दणकट वेगवान गोलंदाज. या पोराबद्दल बोलताना त्यालाही दूरदर्शनच्या पडद्यावर रडू कोसळले. मालिका संपल्यावर आमिरला पाकिस्तानचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून बक्षीस मिळाले, ते मैदानावर नव्हे, आतल्या दालनात; आणि देणाऱ्याने त्याच्याकडे पाहिलेही नाही.

आता मुद्द्याकडे येतो. अठरा वर्षांच्या मुलाने हे का केले?

पैशासाठी, असे उत्तर चटकन येते. त्यात तथ्य नाही असे नाही. त्याच्या हॉटेलच्या खोलीत खुणेच्या नोटांपैकी दीड हजार पौंड सापडले. मजीदच्या वतीने न्यायालयात जो हिशेब सांगितला गेला त्यात आसिफला ६५ हजार, कर्णधार सलमान बटला १० हजार आणि आमिरला अडीच हजार पौंड होते. सगळ्यांत लहान वाटा सगळ्यांत लहान मुलाचा. जो गोलंदाज पुढची पंधरा वर्षे खेळून हलालचे कितीतरी पट कमावणार होता, त्याने अडीच हजारांसाठी सर्वस्व घालवले, हे कुणाच्याही हिशेबात बसत नाही.

आमिरने शिक्षा भोगून आल्यावर, २०१२ मध्ये, इंग्लंडचा माजी कर्णधार मायकेल आथर्टन याला मुलाखत दिली. त्याच्या सांगण्यानुसार मजीदने त्याला हॉटेलबाहेर गाडीत बोलावून घाबरवले होते: तू एका संशयित माणसाशी फोनवर बोललास हे वरपर्यंत कळले आहे, मी तुला वाचवतो, पण त्यासाठी तू माझे दोन नो-बॉलचे काम कर. तेव्हा कर्णधार बट तिथेच होता. पुढे मैदानावरचा तो विचित्र नो-बॉल पाहून प्रशिक्षक वकार युनूसने 'हे काय होते?' असे विचारले, तेव्हा उत्तर आमिरने दिलेच नाही. कर्णधारानेच सांगून टाकले की, पुढे येऊन बाउन्सर टाक असे मीच याला म्हटले होते. मुलगा शेजारी उभा. गप्प.

वाचकहो, हा प्रसंग आमच्या डोळ्यांसमोरून हलत नाही. एका मोठ्या माणसाने प्रश्न विचारला होता. दार उघडले होते. दुसऱ्या मोठ्या माणसाने ते बंद केले आणि मुलाने ते बंद होऊ दिले. कारण 'मोठे बोलत असताना मध्ये बोलू नये' हे तर आपण सगळेच आपल्या मुलांना शिकवतो.

'मोठ्यांचे ऐक' ही नसीहत आपल्या घराघरांत दिली जाते आणि ती द्यायलाच हवी. पण मोठ्यांचे काय ऐकायचे आणि काय ऐकायचे नाही, हे आपण सांगतो का? सलमान बट कर्णधार होता, शिकलेला होता, इंग्रजी उत्तम बोलणारा होता. कोणता चेंडू कधी टाकायचा हे सांगण्याचा त्याला अधिकारच होता. गावाकडून आलेल्या पोराला तो मोठा भाऊच वाटला असणार. अशा वेळी आज्ञाधारक मूल सर्वांत आधी सापडते. हट्टी, उलट बोलणारे मूल एखादे वेळी निसटून जाईल. पण 'जी भाई' म्हणणाऱ्याची सुटका होत नाही.

शाहिद आफ्रिदीने २०१९ मध्ये आलेल्या आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे की, मजीदचे संशयास्पद निरोप त्याच्या हाती आधीच लागले होते, त्याने ते संघाच्या व्यवस्थापनाला दाखवले, पण कुणी दखल घेतली नाही. हे खरे धरले तर अधिकच वाईट. मुलाच्या भोवती मोठी माणसे पुष्कळ होती. मुलासाठी जागे असलेले मात्र कुणी नव्हते.

असे असले तरी आमिरला निव्वळ भोळा ठरवून आम्ही मोकळे होणार नाही. तसे करणे म्हणजे आपल्याच मुलांना खोटे सांगणे होईल. लॉर्ड्सच्या आधीची कसोटी ओव्हलला झाली. त्या दिवसांत आमिरने पाकिस्तानातल्या एका माणसाला निरोप पाठवून, काय करायचे आणि किती मिळतील, अशी विचारणा केल्याचा पुरावा न्यायालयात आला. म्हणजे गाडीत बोलावले जाण्याआधीच पाऊल घसरू लागले होते. पकडला गेल्यावरही त्याने लगेच कबुली दिली नाही. जानेवारी २०११ मध्ये दोहा इथे आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या न्यायाधिकरणासमोर त्याने आरोप नाकारले. फेब्रुवारीत निकाल लागला. बटला दहा वर्षे, त्यातली पाच स्थगित. आसिफला सात, त्यातली दोन स्थगित. आमिरला पाच वर्षे, आणि ती नियमातली किमान बंदी होती. खरे बोलायला त्याला बातमी फुटल्यापासून वर्षभराहून जास्त काळ लागला. सप्टेंबर २०११ मध्ये लंडनच्या साउथवर्क न्यायालयात त्याने गुन्हा कबूल केला. बट आणि आसिफ यांनी कबूल केला नाही. ज्युरीने त्यांना दोषी ठरवले.

३ नोव्हेंबर २०११ रोजी शिक्षा सुनावली गेली. मजीदला दोन वर्षे आठ महिने, बटला अडीच वर्षे, आसिफला एक वर्ष, आमिरला सहा महिने. आमिर न शिकलेला, कोवळा आणि सहज वळवता येणारा होता, हे न्यायाधीशांनी लक्षात घेतले. पण तुरुंग टळला नाही. तरुण गुन्हेगारांच्या कोठडीत त्याने निम्मी शिक्षा काढली आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये तो सुटला. वय एकोणीस. देशाची जर्सी घातलेल्या मुलाच्या अम्मीने ते तीन महिने कसे काढले असतील, याचा विचार प्रत्येक आईने आपल्या मनाशी करावा.

आता हकीकतीचा दुसरा भाग, कारण ही निव्वळ भीती घालण्यासाठी सांगण्याची गोष्ट नाही.

कबुली दिल्यावर आमिरने एक काम केले. क्रिकेट परिषदेने नव्या खेळाडूंना सावध करण्यासाठी जी चित्रफीत तयार केली तिच्यात तो स्वतः बोलला. आपली नामुष्की जगासमोर पुन्हा उगाळणे सोपे नसते. २०१५ च्या जानेवारीत त्याला देशांतर्गत सामने खेळण्याची परवानगी मिळाली, सप्टेंबरमध्ये बंदी पूर्ण संपली. पण नियमाने दार उघडले म्हणून माणसांची मने उघडत नाहीत. माजी कर्णधार रमीज राजाने त्याच्या पुनरागमनाला उघड विरोध केला. डिसेंबर २०१५ मध्ये मोहम्मद हफीज आणि एकदिवसीय संघाचा कर्णधार अझहर अली यांनी आमिर ज्या शिबिरात आहे तिथे येणार नाही, अशी भूमिका घेतली. समजूत घातल्यावर ते आले. त्यांचे काही चुकले असे आम्ही म्हणणार नाही. प्रामाणिकपणे खेळणाऱ्याला राग येणारच. तौबा करणाऱ्यानेही लगेच गळाभेटीची अपेक्षा धरू नये.

जानेवारी २०१६ मध्ये न्यूझीलंडमध्ये तो पुन्हा पाकिस्तानकडून खेळला. फेब्रुवारीत मीरपूरला आशिया चषकात भारताला ८४ धावा करायच्या होत्या. आमिरने रोहित शर्मा, रहाणे आणि रैना यांना झटपट बाद करून आपल्या सगळ्यांचा श्वास रोखून धरला. विराट कोहलीने ४९ धावा करून सामना जिंकून दिला, आणि नंतर त्याच गोलंदाजाचे मोकळ्या मनाने कौतुक केले. पुढच्या महिन्यात कोलकात्याला त्याने आमिरला आपली बॅट भेट दिली. जुलैमध्ये पाकिस्तानचा संघ पुन्हा लॉर्ड्सवर कसोटी खेळायला उतरला. तेच मैदान, तीच रेघ. पाकिस्तानने तो सामना ७५ धावांनी जिंकला आणि इंग्लंडचा शेवटचा गडी आमिरने बाद केला.

१८ जून २०१७ रोजी लंडनमध्ये, ओव्हलवर, चॅम्पियन्स करंडकाचा भारताविरुद्धचा अंतिम सामना झाला. भारतीय म्हणून त्या दिवशीचा पराभव आम्हालाही लागला. पण त्या सामन्यातली एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. रोहित पहिल्याच षटकात पायचीत झाला. मग आमिरच्या चेंडूवर कोहलीचा झेल स्लिपमध्ये गेला आणि सुटला. तो सोडणारा अझहर अली, दीड वर्षापूर्वी आमिरसोबत शिबिरात राहायला तयार नसलेला. पुढच्याच चेंडूवर कोहली पुन्हा चुकला आणि शादाब खानने झेल घेतला. त्याच दिवशी अझहरने ५९ आणि हफीजने नाबाद ५७ धावा केल्या होत्या. आमिरने १६ धावांत तीन बळी घेतले. पाकिस्तान १८० धावांनी जिंकला. राग धरलेले आणि ज्याच्यावर राग होता तो, एकाच कामाला लागलेले होते. मन साफ व्हायला बहुधा अशीच मदत होते: शपथांनी कमी, सोबतीने केलेल्या कामाने जास्त.

तरीही गेलेले सगळे परत आले नाही. बंदीपूर्वी आमिरने १४ कसोटींत ५१ बळी घेतले होते; परतल्यावर २२ कसोटींत ६८. अठरा ते तेवीस ही गोलंदाजाचे शरीर घडण्याची वर्षे वाया गेली होती. जुलै २०१९ मध्ये, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याने कसोटी क्रिकेट सोडले. एकूण ३६ कसोटी, ११९ बळी. डिसेंबर २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेटही सोडले, २०२४ च्या टी-२० विश्वचषकासाठी तो परत आला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा निवृत्त झाला. वाईट कारकीर्द नव्हे. पण पंधराव्या वर्षी ज्याच्यात अक्रमने जे पाहिले होते, ते हे नव्हते. माफी मिळते, गेलेली वर्षे मिळत नाहीत. मुलांना ही गोष्ट सांगताना दोन्ही वाक्ये सांगावीत. पहिले वगळले तर मूल निराश होईल आणि दुसरे वगळले तर बेफिकीर.

मग आई-वडिलांनी करायचे काय? आम्हाला तीन गोष्टी सुचतात.

पहिली, मुलाला 'नाही' म्हणायला शिकवा, आणि ते घरापासूनच. जे मूल कधी चाचांना, कधी मामूंना अदबीने 'हे मला बरोबर वाटत नाही' असे म्हणू शकते, तेच उद्या कर्णधाराला, साहेबाला, शेठला म्हणू शकेल. अदब आणि होकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरी, सांगायची सवय लावा. क्रिकेटच्या नियमांत एक चांगली तरतूद आहे: कुणी गैरकामासाठी संपर्क साधला आणि खेळाडूने ते कळवले नाही, तर तोही गुन्हा. बांगलादेशचा शाकिब अल हसन हा जगातल्या उत्तम अष्टपैलूंपैकी एक. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली, त्यातले एक वर्ष स्थगित. त्याने सामना विकला नव्हता. विचारणा झाली होती आणि त्याने ती कळवली नव्हती, एवढाच त्याचा दोष. घरातही असा नियम हवा, फक्त शिक्षेच्या जागी दिलासा हवा. 'जे काही झाले असेल ते ये आणि सांग, आधी ऐकून घेऊ, रागावायचे ते नंतर बघू.' हे वाक्य मुलाने अब्बांच्या तोंडून एकदा तरी ऐकलेले असावे. आमिरला त्या रात्री गाडीतून उतरून फोन करावासा वाटेल असे एक माणूस असते तर? कुणास ठाऊक. पण आपल्या मुलासाठी ते माणूस आपण होऊ शकतो.

तिसरी, मूल खेळून, शिकून, कामावरून घरी आले की आपण काय विचारतो तिकडे लक्ष द्या. 'किती विकेट घेतल्यास? किती मार्क पडले? किती मिळाले?' सगळे 'किती'चेच प्रश्न. कुणासोबत होतास, कुणी काय म्हटले, मनाला काही लागले का, हेही विचारावे. उत्तर लगेच मिळणार नाही. रोज विचारत राहिले तर एक दिवस मिळेल.

तेव्हा क्रिकेटवेड्या मुलांच्या अम्मी-अब्बांना आमचे उत्तर हे: त्याला खुशाल खेळू द्या. बूट घेऊन द्या, दूध-बदामही द्या. फक्त मैदान कितीही दूर असले तरी तिथून घरी फोन करायला त्याला भीती वाटणार नाही, एवढे बघा.

पुढच्या महिन्यात भेटूच, इन्शाअल्लाह.